‘घरी न्या’ म्हटल्यानंतर

पुण्याहून येताना शिरवळजवळ नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि खंडाळा तालुका सुरू होतो. मोठ्या दुखण्याला इथला माणूस एक तर पुणे गाठतो, नाही तर खंबाटकीचा घाट ओलांडून सातारा. कर्करोगाच्या रुग्णाच्या याच रस्त्यावर खेपांमागून खेपा होतात. आधी तपासण्या, मग शस्त्रक्रिया, केमो, शेक. आणि एके दिवशी डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’

सेवा करायला घरचे तयारच असतात. पण वेदनेने रात्रभर तळमळणाऱ्या माणसाला काय द्यायचं, धाप लागली तर कसं बसवायचं, तोंडातल्या जखमेला वास येऊ लागला तर काय करायचं, हे त्या जाडजूड फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

या प्रश्नांची उत्तरं देणारी वैद्यकशाखा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, उपशामक सेवा. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. रुग्णाचं दुखणं शरीरापुरतं नसतं. मनाची घालमेल, घरच्यांची काळजी, पैशांची ओढाताण आणि देवाला विचारलेले प्रश्न हे सगळं त्यात असतं, असं त्यांनी मांडलं. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत, वांद्र्याला उभं राहिलं. कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 मध्ये स्थापन केलेलं शांती आवेदना सदन ते हेच. खंडाळ्याला त्याहून जवळचं ठिकाण पुण्यात वारज्याला आहे. सिप्लाचं हे पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य काळजी घेतं. रुग्णासोबत घरचं माणूस राहतं, शुश्रूषा शिकतं आणि त्रास आटोक्यात आला की दोघं घरी परततात. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत म्हणूनच खरी नाही.

ही शुश्रूषा शिकता येते. सातारा-सांगलीच्या खेड्यांत मिश्री आणि चुना-तंबाखू घरोघरी. तोंडाच्या कर्करोगाची जखम म्हणूनच इथे अनोळखी नाही. तिला दुर्गंधी सुटली की माणसं खोलीत यायची टाळतात, आणि रुग्णाला ते वेदनेपेक्षाही लागतं. अशा वेळी परिचारिका उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड तिच्यावर भुरभुरते. जुलाबावर देतात तीच ही स्वस्त गोळी. वास करणारे जंतू तिने मरतात आणि थोड्या दिवसांत नातवंडं पुन्हा खाटेवर येऊन बसू शकतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली तर पाठीला फोड येणं बरंचसं टळतं. याला फार पैसा लागत नाही, शिकवणारं माणूस मात्र लागतं.

वेदनेचं तसं नाही, तिथे औषधच लागतं. तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जगभर मान्य झालेलं औषध. ते घड्याळ लावून देतात, साधारण दर चार तासांनी. वेदना उसळायची वाट पाहायची नसते. रात्री दहाचा डोस बहुधा दुप्पट असतो, म्हणजे दोन वाजता झोपमोड होत नाही. सोबत बद्धकोष्ठतेचं औषध हवंच. व्यसन लागेल ही भीती नातेवाइकांना असते, अनेक डॉक्टरांनाही असते. पण वेदनेसाठी देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं.

मॉर्फिन अफूपासून बनतं आणि मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात अफूची कायदेशीर शेती होते. तरीही ही गोळी इथल्याच रुग्णाला मिळेना, कारण 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं जंजाळ उभं केलं होतं. कायद्यातली चूक झाली तर तुरुंग, या धास्तीने अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. 2014 मध्ये संसदेने कायदा सुधारला. मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि अनेक परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरेशी झाली. कायदा बदलला, धास्ती मात्र पुरती गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते आणि ती मिळते जेमतेम 14 टक्क्यांना. त्यात कर्करोगाचेच नव्हेत, तर हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसं निकामी होत चाललेले आणि पक्षाघाताने पडून असलेले रुग्णही आहेत. खरं तर निदान झाल्यापासून, मूळ उपचारांच्या जोडीनेच ही सेवा सुरू व्हायला हवी.

केरळने यातून वाट काढली. 1993 मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपशामक सेवेची संस्था उभारली. पुढे गावोगावी शेजाऱ्यांनाच प्रशिक्षण मिळालं. ते रुग्णाच्या घरी जातात, अडचण हेरतात आणि परिचारिकेला कळवतात. खंडाळा तालुक्याला हे अवघड नाही. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला येते तेव्हा अनोळखी वारकऱ्यांना जेवू घालणारी, त्यांचे पाय चेपणारी माणसं याच गावांतली. सावित्रीबाई फुले याच तालुक्यातल्या नायगावच्या. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या.

सरकारी चौकटही तयार आहे. राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम 2012 पासून आहे आणि उपकेंद्रांचं ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ करताना ठरवलेल्या बारा सेवांमध्ये वृद्धांची व उपशामक सेवा धरलेली आहे. म्हणून पुढच्या ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की गावकऱ्यांनी नेमके प्रश्न विचारावेत. आपल्या आशाताईंना आणि परिचारिकेला याचं प्रशिक्षण मिळालं आहे का? अंथरुणाला खिळलेल्यांची यादी उपकेंद्रात आहे का, आणि त्यांच्या घरी कोण, किती दिवसांनी जातं? साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनच्या गोळ्या आज शिल्लक आहेत का, आणि नसतील तर कधी येणार?