टक्कल, टेन्शन आणि एक्सोसोम

विरारहून निघालेली सकाळची चर्चगेट फास्ट. उभ्या असलेल्या कॉलेजकुमाराने मला विचारलं, ‘काका, कुठे उतरणार?’ काका? वय वर्षं फक्त अठ्ठावीस, बॉस!

त्याच संध्याकाळी मी वसईतल्या एका हेअर क्लिनिकमध्ये हजर. तिथे नवा फंडा कळला, एक्सोसोम. स्टेम सेल्स बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. आत प्रोटीन्स आणि आरएनए, म्हणजे दुसऱ्या पेशींना धाडलेले निरोपच. या निरोपांनी केसांची झोपलेली मुळं जागी होतील, अशी आशा. आयडिया झकास! पण ‘मान्यता कुणाची?’ विचारलं, तर समोरून नुसतं स्माइल आणि पॅकेजचं ब्रोशर.

घरी येऊन शोधाशोध केली. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्येच सावध केलंय, एकही एक्सोसोम उत्पादन मंजूर नाही. आपल्या आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्समध्येही केसांसाठी स्टेम सेल उपचार मंजूर यादीत नाहीतच.

सध्या डॉक्टरांना विचारून मिनॉक्सिडिल लावतोय. स्लो आहे, पण अमेरिकेत १९८८ पासून मंजूर. तुम्हीही कार्ड स्वाइप करण्याआधी तो एक प्रश्न विचाराच. तोवर ‘काका’ म्हणाले, तर म्हणू देत!