नदीची प्रकृती तपासताना

मल्हारगंजातील मराठी घरांना नर्मदा परकी नाही. या वस्तीचे नाव मल्हाररावांचे, आणि त्यांच्या सूनबाईंची, अहिल्यादेवींची राजधानी महेश्वर नर्मदाकाठी, येथून सुमारे ९० किलोमीटरवर. मंडळातील काही तरुण डॉक्टरांनी मुलाबाळांसह ओंकारेश्वर ते महेश्वर असा प्रवास कॅनोने, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद व हलक्या होडीने करण्याचा बेत मांडला. वल्हवण्याचा मला जुना छंद, शिवाय मी बालरोगतज्ज्ञ. म्हणून माझे मत विचारण्यात आले. ते येथे सविस्तर मांडतो.

नदीची परीक्षा सरासरीवरून करू नये. अमरकंटकला १,०५७ मीटर उंचीवर उगम पावून नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते. म्हणजे उतार किलोमीटरला एक मीटरही नाही. हे गणित मोठे आश्वासक वाटते. पण याच नदीवर भेडाघाटचा धुवांधार आहे आणि महेश्वरजवळची सहस्रधाराही. सरासरी वजन पाहून समोरच्या बालकाच्या औषधाची मात्रा आपण ठरवत नाही. तोच न्याय येथे लावावा. सहस्रधारेत काळ्या खडकांतून पाणी असंख्य धारांनी फुटते. २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांतील कॅनो स्लॅलम तेथेच झाले. मात्र ते खेळाडू कसलेले होते. खळाळत्या प्रवाहांच्या सहा आंतरराष्ट्रीय श्रेणी आहेत. नवशिक्यांनी पहिलीपुढे जाऊ नये. शिवाय पाणी चढले की श्रेणीही बदलते. म्हणून प्रत्येक अवघड वळण आधी काठावरून चालत पाहावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की वरच्या अंगाला काय आहे? ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या स्नानासाठी यात्रा जमली होती. दिवस उन्हाळ्याचे, पावसाचे चिन्ह नव्हते. इंदिरासागर धरणातून सोडलेले पाणी अचानक चढले आणि साठांहून अधिक भाविक वाहून गेले. समोरचे शांत पात्र ही केवळ त्या घटकेची नोंद असते. तिच्यावरून पुढच्या घटकेचे भाकीत करता येत नाही. ओंकारेश्वरला तर धरण आणि वीजगृह अगदी उशाशी आहे. विसर्गाची वेळ तेथील अधिकाऱ्यांकडून कळल्यावाचून होडी पाण्यात घालू नये. पुढे मंडलेश्वरच्या अलीकडे महेश्वर प्रकल्पाची भिंतही आडवी आहे.

तिसरा विचार आपल्या व्यवसायाचा. मोरटक्क्याच्या पुलासारखी रस्त्याला लागून असलेली उतरण्याची ठिकाणे आधी नकाशावर टिपावीत आणि तेथून रुग्णालयास लागणारा वेळ मोजावा. बुडालेल्या बालकाच्या मेंदूला प्राणवायूवाचून मोजकीच मिनिटे मिळतात. पोट दाबून पाणी काढण्यात ती दवडू नयेत. श्वास थांबला असल्यास प्रथम कृत्रिम श्वास द्यावा व लगेच छातीवर दाब सुरू करावेत. ही विद्या बरोबरच्या प्रत्येक प्रौढाला यायला हवी. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाचे असावे, 'मोठेपणी होईल' अशा मापाचे नको.

या कसोट्यांवर मी ओंकारेश्वर–महेश्वर प्रवासास स्पष्ट नकार दिला. त्याऐवजी हिवाळ्यात, विसर्गाची चौकशी करून, महेश्वरच्या घाटासमोरील संथ पाण्यात, सहस्रधारेपासून दूर, स्थानिक नावाड्याच्या सोबतीने मुलांना वल्हे हाती द्यावे. तरुणांना हा बेत मिळमिळीत वाटला. वाटू द्यावा. नकार काठावर द्यायचा असतो. प्रवाहात शिरल्यावर निर्णय नदीचा असतो.