दीड लाख डॉलरांचे भय

भयपट म्हटला की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पडका वाडा, करकरणारा दरवाजा आणि पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी राहते. आज आम्ही ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहोत, त्यात यांपैकी काहीच नाही. एक परिचारिका आहे, एक गोडबोल्या गृहस्थ आहे आणि टपालाने येणारीजाणारी पत्रे आहेत. तरीसुद्धा एका शनिवारी, कामकाज आटोपल्यावर, आम्ही तो युनियनच्या कचेरीत भिंतीला चादर लावून दहाबारा मंडळींना दाखविला, तेव्हा मध्यंतरी चहा आला आणि तसाच निवून गेला.

चित्रपटाचे नाव ‘द हनीमून किलर्स’. तो अमेरिकेत १९७० साली पडद्यावर आला. त्याचा लेखक व दिग्दर्शक लेनर्ड कॅसल हा मुळात संगीतकार, ऑपेरा रचणारा मनुष्य. यापूर्वी त्याने चित्रपट काढला नव्हता आणि यानंतरही त्याच्या हातून दुसरा झाला नाही. त्याचा मित्र वॉरन स्टायबेल हा दूरचित्रवाणीवर कार्यक्रमांची निर्मिती करी. एका धनिक मित्राने त्याला सुमारे दीड लाख डॉलर दिले, आणि तेवढ्यात सारे बसवायचे ठरले. हॉलीवुडच्या हिशेबाने ही रक्कम म्हणजे किरकोळ खर्चाची बाब!

कथा खरी घडलेली आहे. रेमंड फर्नांडिस आणि मार्था बेक ही खरी माणसे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘लोन्ली हार्ट्स क्लब’ नावाच्या संस्थांचा बराच बोलबाला होता. वर्गणी भरावी, आपले नाव, वय, आवडीनिवडी कळवाव्या. क्लब इतर एकाकी सभासदांची नावे-पत्ते पाठवी, आणि मग पत्रव्यवहार सुरू होई. वधूवर सूचक मंडळासारखाच प्रकार म्हणा. पण आपल्याकडे चौकशीला मामा असतो, आत्या असते, मध्यस्थ असतो. तिथे मधे फक्त पोस्टमन. फर्नांडिसने हे हेरले. विधवा किंवा प्रौढ अविवाहित स्त्रियांना तो पत्रे लिही, लग्नाचे वचन देई, त्यांची पुंजी हातात आली की नाहीसा होई. मार्था ही अशीच एक. पण तिच्याजवळ लुटण्यासारखे फारसे नव्हते, आणि ती सोडायलाही तयार नव्हती. इथून पुढे हे प्रकरण फसवणुकीचे राहत नाही.

चित्रपटात रे तिला टाकून जातो तेव्हा तिने जीव देण्याचा प्रयत्न केल्याचा निरोप त्याच्याकडे जातो, आणि तो तिला जवळ करतो. आपला धंदा काय आहे हे तो तिला सांगून टाकतो. ती घाबरत नाही, रागावतही नाही. तिची अट एकच, की लग्ने कर, पैसे घे, परंतु मन आणि शरीर माझे. मग ती त्याची बहीण म्हणून प्रत्येक नव्या ‘वधू’च्या घरी त्याच्याबरोबर जाऊ लागते. दिग्दर्शकाने सारे भय या एका मांडणीतून निर्माण केले आहे. बहीण म्हणून शेजारच्या खोलीत झोपायचे आणि भिंतीपलीकडची कुजबुज ऐकत राहायचे! खून होतात त्यात पैशाचा लोभ आहेच. पण हातोडा उचलला जातो तो मत्सराने. जिच्यापायी रे हातचा जाईल असे मार्थाला वाटते, तिचा काळ जवळ आला असे आपण समजू लागतो, आणि समोरची भाबडी बाई मात्र लग्नाच्या टोपीविषयी बोलत असते.

मार्थाचे काम शर्ली स्टोलर या नटीने केले आहे. देह स्थूल, चेहरा कठोर, नायिकेच्या रूढ कल्पनेत कुठेही न बसणारा. हे मुद्दाम केलेले आहे. १९६७ साली ‘बॉनी अँड क्लाइड’ नावाचा चित्रपट फार गाजला होता. त्यातले दरोडेखोर देखणे आणि त्यांचे मरणही देखणे. कॅसलला त्याचा तिटकारा आला होता. आपल्या चित्रपटातला खून ओंगळ, लांबलेला आणि अंग चोरून बघावा असा असला पाहिजे, असे त्याने ठरविले व ते पाळले.

पैसा कमी होता म्हणून चित्रपट काळापांढरा, म्हणून दिवे थोडे, म्हणून स्टुडिओऐवजी खरी घरे. ऑलिव्हर वुड या तरुण छायाचित्रकाराने खोलीतल्या एखाद्या दिव्यावर भागविले, आणि त्यामुळे पडद्यावरची खोली आपल्या ओळखीची वाटते. संगीतही नवे करून घेतले नाही. माहलर या थोर जर्मन-भाषक संगीतकाराच्या सहाव्या सिंफनीतले तुकडे वापरले. तो जड पावलांचा ताल वाजू लागला की स्वयंपाकघरातल्या साध्या बोलण्यालाही फाशीच्या मिरवणुकीची कळा येते.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चित्रणाच्या आरंभी दिग्दर्शक कॅसल नव्हता. मार्टिन स्कॉर्सेसी नावाचा तरुण होता. तोच पुढे जगप्रसिद्ध झाला. तो फार सावकाश काम करतो म्हणून सुमारे आठवड्याभरातच त्याला काढून टाकण्यात आले. आमच्यासारख्याने अशा वेळी लगेच मागणीपत्र लिहायला घ्यायचे. पण फिल्म आणि पैसा दोन्ही मोजून असताना मालकाचे म्हणणे अगदीच खोटे होते असेही म्हणवत नाही. तथापि, कमी खर्चाच्या कलाकृतीचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की खर्च कमी होतो तेव्हा तो कोणाच्या तरी मजुरीतून कमी होतो.

चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग बिनरक्ताचा आहे. डेल्फीन नावाची एका लहान मुलीची विधवा आई गुंगीच्या औषधाने बिछान्यावर पडली आहे. तिला हालता येत नाही, पण ऐकू येते. तिचे काय करायचे याविषयी रे आणि मार्था बाजूला बोलत आहेत. पडद्यावर ती दोघे दिसतच नाहीत. दिसतात ते तिचे डोळे. इकडून आवाज आला की इकडे, तिकडून आला की तिकडे. याला किती खर्च आला असेल? एक दिवा आणि एका नटीचे दोन डोळे.

या डोळ्यांनी आम्हांला आमच्याकडच्या एका बाईची आठवण करून दिली. आमच्या एका सभासदाच्या पश्चात तिला फंडाचे व ग्रॅच्युइटीचे पैसे मिळाले. ते मिळवून देण्यासाठी आम्हीच वर्षभर खेटे घातले होते. सहा महिन्यांत एका इसमाने पुनर्विवाहाचे आमिष दाखवून त्यातले बहुतेक नेले. ती तक्रार करायला तयार नव्हती. कचेरीत आली तीही आठ महिन्यांनी, पदर तोंडावर घेऊन. आम्ही जरा रागानेच विचारले, की एवढे पैसे दिलेस तरी कसे? ती म्हणाली, “भाऊ, रोज रात्री फोन करून जेवलीस का म्हणून विचारायचा. दुसरं कोण विचारतं?” यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. पैसे हाती कसे आणावे हे आम्हांला ठाऊक होते. आल्यावर त्या घरात कोण जाते-येते, याची वास्तपुस्त करणे आमच्या कामात बसते असे आम्हांला वाटलेच नव्हते. त्यानंतर आम्ही दोन वडीलधाऱ्या कामगार भगिनींवर ते काम सोपविले आहे.

खऱ्या हकिकतीकडे वळू. ही जोडी १९४९ साली मिशिगन राज्यात पकडली गेली. त्या राज्याने खुनासाठी मृत्युदंड १८४६ सालीच रद्द केला होता. म्हणून जॅनेट फे या वृद्ध विधवेच्या खुनासाठी त्यांना न्यूयॉर्कच्या हवाली करण्यात आले. तिथे खटला चालला आणि ८ मार्च १९५१ रोजी सिंगसिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीत देहांत शिक्षा देण्यात आली. कॅसलने या हकिकतीत काही बदल केले आहेत. खऱ्या मार्थाने रेसाठी आपली दोन मुले टाकली. चित्रपटातली मार्था म्हाताऱ्या आईला वृद्धाश्रमात ठेवून जाते. पोलिसांना बोलावते तीही चित्रपटात मार्थाच. रेने वचन मोडले हे कळल्यावर ती शांतपणे फोन उचलते.

हीच कथा पुढे मेक्सिकोत १९९६ साली आर्तुरो रिपस्टाइनने ‘डीप क्रिम्झन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटात मांडली, आणि अमेरिकेतही २००६ साली नामवंत नटनट्या घेऊन पुन्हा काढण्यात आली. ती झुळझुळीत आवृत्ती आम्ही पाहिली. चहा निवला नाही.

मूळ चित्रपटाच्या शेवटी मार्था तुरुंगात आहे. तिला रेचे पत्र येते. जगात आपण एका तुझ्यावरच प्रेम केले, अशा आशयाचे. पहिले पत्र आले तेव्हा वाचले होते तसेच हेही ती वाचते. या माणसाचा धंदाच असली पत्रे लिहिण्याचा. पण आता तिच्याकडून उकळण्यासारखे काहीच उरलेले नाही, मग खोटे कशाला लिहील? आमच्या कचेरीत यावर दोन तट पडले. फाउंड्रीतले एक जुने मिस्त्री म्हणाले, “हात बसलेला असतो हो त्याचा, दुसरं लिहिताच येणार नाही.” त्यावर भगिनीमंडळींपैकी एकीने त्यांना असे काही सुनावले की ते गप्प झाले. वाद अकरापर्यंत चालला. पहारेकरी किल्ल्या वाजवू लागला तेव्हा चादर उतरविली.