झटका, फेफरे, आचके

खेळता खेळता कुणी कोसळले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘हृदयविकाराचा झटका’ असे छापून येते. हा शब्दप्रयोग मला घोटाळ्याचा वाटतो. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. माणूस छाती धरून बसतो, बहुधा बोलूही शकतो. मैदानावर अवचित कोसळणाऱ्याच्या हृदयातली विद्युत्‌यंत्रणाच विस्कटलेली असते. कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही. याला सरळ ‘हृदय बंद पडणे’ म्हणावे. पस्तिशीनंतर त्यामागे पुष्कळदा तुंबलेली धमनीच असते, म्हणून गोंधळ वाढतो. तरुणांत मात्र स्नायू जाड होण्यासारखे आनुवंशिक दोष अधिक सापडतात.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिली खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर दुसरा गोल मारताना गोलरक्षकावर आदळून कोसळला, तो उठलाच नाही. १२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन कुणाचा धक्काही न लागता पडला. त्याला मैदानातच छातीवर दाब दिले, डिफिब्रिलेटरचा शॉक दिला. २०२४च्या युरो स्पर्धेत त्याने गोल केला. दोन्ही प्रसंग सारखे नव्हेत. पण दाब आणि शॉक यांविना जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, हा हिशेब सगळ्यांना सारखाच.

ही मिनिटे पुष्कळदा ओळखण्यातच जातात. मेंदूचे रक्त तुटताच हातपाय झटकले जातात. बघ्यांना ते फेफरे वाटते. कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल नाकाशी धरतो. मग पडलेला माणूस घरघरत एखादा श्वास ओढतो आणि लोक म्हणतात, “श्वास चालू आहे.” आपल्या आज्यांनी मरणाऱ्यांच्या उशाशी बसून हे पाहिले होते. त्यांच्याकडे त्याला नेमका शब्द होता, ‘आचके’. त्याला श्वास म्हणण्याची चूक त्यांनी केली नसती.

हाकेला ओ नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर हृदय बंद पडले असेच धरायचे. एकाने १०८ला फोन करायचा, दुसऱ्याने छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, पाच-सहा सेंटीमीटर खोल. फासळी मोडेल ही भीती खोटी नाही, कधी मोडतेही; तरी थांबायचे नाही. शॉकचे यंत्र मिळाले तर ते लावायला डॉक्टर लागत नाही. ते बोलून सूचना देते, आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही.