आगीतून धुराची ‘छत्री’ उठली म्हणजे अणुबॉम्बच फुटला का?

भिवंडीत गोदामाला आग लागली की धुराचे व्हिडिओ लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. त्यात धूर छत्रीसारखा दिसला, तर गोष्ट थेट अणुबॉम्बवर जाते. पण या आकाराचा अणूशी थेट संबंध नाही.

प्रचंड उष्णता एका झटक्यात, एकाच जागी बाहेर पडली की तिथली हवा तापून फुगते. आजूबाजूच्या हवेपेक्षा हलकी झाल्याने ती पाण्यातल्या बुडबुड्यासारखी वर झेपावते. या गोळ्याचा मधला भाग वेगाने वर जातो, कडांना मात्र भोवतालची थंड हवा मागे खेचते. त्या खाली वळतात आणि पुन्हा आत ओढल्या जातात. सिगारेटच्या धुराचं कडं स्वतःभोवती गरगरतं ना, तसंच. ही झाली छत्री.

गोळा वर सरकताच खालची हवा चहूबाजूंनी आत घुसते आणि धूळ-धूर घेऊन त्याच्या मागे चढते. हा झाला दांडा. वर जाता जाता गोळा थंड होतो. भोवतालच्या हवेइतकाच जड झाला की तो थांबतो आणि आडवा पसरतो.

म्हणजे खरी अट ‘एका झटक्यात’ ही आहे. तासन्‌तास जळणाऱ्या गोदामातून सतत उष्णता निघते, त्यामुळे बहुतेक वेळा वाऱ्याने कललेला धुराचा खांबच दिसतो. मध्येच रसायनांचे ड्रम फुटले, तरच त्यावर छत्री उमटू शकते.

बैरूतच्या बंदरात 4 ऑगस्ट 2020 रोजी असा ढग उठला, तो अमोनियम नायट्रेटच्या साठ्याचा होता. उलट पोखरणला 1974 आणि 1998 मध्ये खरे अणुस्फोट झाले, पण जमिनीखाली. त्यामुळे तिथे छत्री उठलीच नाही.

आग आणि स्फोट यांतला फरक मुंबईने फार महागात अनुभवलाय. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटकंही. आधी नुसता धूर निघत होता. दुपारी चारनंतर स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

गोदामाच्या आगीतही ढगाच्या आकारापेक्षा आत काय साठवलंय, हे जवानांना आधी कळावं लागतं.