विशालकोनी व दूरछायाचित्रण भिंगांची प्रतिमातीक्ष्णता

विशालकोनी व दूरछायाचित्रण भिंगांची प्रतिमातीक्ष्णता : वस्तूतील बारीक तपशील प्रतिमेत कितपत वेगवेगळे व ठळक उमटतात, यावरून छायाचित्रण भिंगाची तीक्ष्णता ठरविली जाते. २४ × ३६ मिमी. आकारमानाच्या चौकटीसाठी सु. ५० मिमी. केंद्रांतराचे भिंग सर्वसाधारण समजतात. ३५ मिमी. वा त्याहून कमी केंद्रांतराच्या भिंगांना विशालकोनी (वाइड अँगल) भिंगे म्हणतात, तर सु. ८५ मिमी.पासून पुढच्या भिंगांना व्यवहारात दूरछायाचित्रण (टेलिफोटो) भिंगे म्हणतात. काटेकोर अर्थाने मात्र ज्याची प्रत्यक्ष लांबी त्याच्या केंद्रांतरापेक्षा कमी असते तेच टेलिफोटो भिंग होय. या दोन प्रकारांपैकी अधिक तीक्ष्ण कोणता, हा प्रश्न छायाचित्रकार नेहमी विचारतात. परंतु तुलना करताना कोणती गोष्ट समान ठेवली आहे हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

एकाच जागेवरून दूरच्या देवळाच्या शिखराचे छायाचित्र प्रथम २८ मिमी. व नंतर २०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने घेतले, तर दुसऱ्या प्रतिमेत शिखर सु. सातपट मोठे उमटते. पहिल्या छायाचित्रातील शिखर तेवढेच मोठे पाहावयाचे असल्यास तो भाग सातपट अधिक विवर्धित करावा लागतो, आणि त्याबरोबर फिल्मचे कण किंवा अंकीय कॅमेऱ्यातील संवेदकाचे चित्रघटकही सातपट मोठे होतात. यामुळे दूरच्या वस्तूच्या बाबतीत साधारण प्रतीचे दूरछायाचित्रण भिंगसुद्धा उत्कृष्ट विशालकोनी भिंगावर मात करते. यामागील मूळ कारण विवर्तन (अडथळ्याच्या कडेजवळून जाताना प्रकाशाचे होणारे पसरणे) हे आहे. विवर्तनामुळे बिंदूची प्रतिमा बिंदूरूप न राहता लहान तबकडीसारखी होते. या तबकडीचा व्यास केवळ एफ-अंकावर (केंद्रांतर व द्वारकाचा व्यास यांच्या गुणोत्तरावर) व प्रकाशाच्या तरंगलांबीवर अवलंबून असतो. हिरव्या प्रकाशात एफ/८ वर तो सु. ०·०११ मिमी. व एफ/२२ वर सु. ०·०३ मिमी. असतो, मग भिंग २८ मिमी.चे असो की २०० मिमी.चे. परंतु एफ/८ वर पहिल्या भिंगाच्या द्वारकाचा व्यास ३·५ मिमी., तर दुसऱ्याचा २५ मिमी. असतो. त्यामुळे पहिले भिंग सु. ४० विकला अंतरावरचे दोन बिंदू जेमतेम वेगळे दाखविते, तर दुसरे सु. ५·५ विकला अंतरावरचे. दूरदर्शकाचा व्यास वाढविल्यास जो लाभ होतो, तोच येथेही होतो.

वस्तूची प्रतिमा दोन्ही वेळा सारख्याच आकारमानाची यावी म्हणून विशालकोनी भिंग घेऊन वस्तूच्या जवळ गेल्यास हा लाभ उरत नाही. अशा वेळी भिंगांच्या रचनेतील दोषांचीच खरी तुलना होते, आणि हे दोष दोन्ही प्रकारांत निरनिराळे आहेत.

विशालकोनी भिंगाची अडचण तिरप्या किरणांची आहे. २८ मिमी. भिंगाच्या दृष्टिक्षेत्राचा कर्णकोन सु. ७५° असतो, तर २०० मिमी. भिंगाचा केवळ सु. १२°. अक्षाशी मोठा कोन करून येणाऱ्या किरणांमुळे पुच्छविपथन (बिंदूची प्रतिमा धूमकेतूसारखी शेपटीयुक्त होणे), अबिंदुकता (परस्परलंब रेषा वेगवेगळ्या अंतरांवर स्पष्ट होणे) व प्रतिमाक्षेत्राची वक्रता हे दोष वेगाने वाढतात. म्हणून अशा भिंगाची प्रतिमा मध्यभागी अतिशय तीक्ष्ण, पण कोपऱ्यांत ओढल्यासारखी दिसते. शिवाय कोपऱ्यातील प्रकाश अक्षाशी होणाऱ्या कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. या नियमाप्रमाणे २० मिमी. भिंगाच्या कोपऱ्यात मध्याच्या सु. एक-पंचमांश प्रकाश पोहोचतो, तर २०० मिमी. भिंगाच्या कोपऱ्यात सु. ९८%. हा दोष तीक्ष्णतेचा नसला, तरी काळवंडलेल्या कोपऱ्यातील तपशील हरवतात ते हरवतातच. १९०० साली गर्ट्‌झ कंपनीने काढलेल्या हायपरगॉन भिंगाचा कोन सु. १३५° होता. त्यात मधला जादा प्रकाश अडविण्यासाठी भिंगासमोर फिरणारी दातेरी चकती बसवावी लागे.

द्वारकाच्या दोन्ही बाजूंस सारखीच भिंगके मांडली, तर पुच्छविपथन, विरूपण व पार्श्वीय वर्णविपथन हे दोष बऱ्याच अंशी परस्परांना खोडून काढतात. श्टाइनहाइल व डालमायर यांनी १८६६ मध्ये स्वतंत्रपणे काढलेल्या भिंगांत या समरचनेचा उपयोग केला होता. लूटव्हिख बेर्टेले यांचे बायोगॉन हे विशालकोनी भिंगही जवळजवळ समरचनेचे आहे. १९६९ मध्ये चंद्रपृष्ठावर वापरलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यास ६० मिमी. बायोगॉनच बसविलेले होते. परंतु आरशाच्या एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात भिंग व फिल्म यांच्यामध्ये हलणाऱ्या आरशासाठी जागा सोडावी लागते, २० मिमी. केंद्रांतराचे समरचित भिंग तेथे मावत नाही. यावर उपाय म्हणून पुढे अपसारी व मागे अभिसारी गट असलेली रचना करण्यात आली. फ्रान्समधील आंझेन्यू यांनी १९५० मध्ये रेट्रोफोकस या नावाने असे ३५ मिमी. भिंग विक्रीस आणले. येथे समरचनेचा फायदा गेला आणि तो भरून काढण्यासाठी भिंगकांची संख्या वाढत गेली. अशा भिंगांची जवळच्या वस्तूंसाठीची तीक्ष्णता विशेष ढासळते. १९६७ मध्ये निकॉनने २४ मिमी. भिंगात केंद्रीकरणाबरोबर भिंगकांमधील अंतरही बदलण्याची योजना केली, ती त्यासाठीच. २००८ नंतर आलेल्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत ही जागेची अडचण बरीच कमी झाली आहे. मात्र अशा अनेक भिंगांचे विरूपण आता कॅमेऱ्यातील गणनयंत्रच दूर करते. कोपऱ्यातील चित्र त्यासाठी ताणले जात असल्याने सरळ दिसणाऱ्या रेषांची किंमत थोड्या तीक्ष्णतेने मोजावी लागते, हे खरेदीदाराच्या सहसा लक्षात येत नाही.

दूरछायाचित्रण भिंगात तिरप्या किरणांचा प्रश्न गौण, तर रंगाचा प्रश्न मुख्य आहे. क्राउन व फ्लिंट काचांच्या जोडीने दोन रंगांचे केंद्र एकत्र आणले, तरी उरलेल्या रंगांचे केंद्र किंचित सरकलेले राहते. या दुय्यम वर्णपटाची लांबी केंद्रांतराच्या सु. एक-दोनहजारांश असते. २८ मिमी. भिंगात ती ०·०१४ मिमी. म्हणजे नगण्य, पण ३०० मिमी. भिंगात ती ०·१५ मिमी. होते व एफ/४ वर प्रत्येक बिंदूभोवती सु. ०·०४ मिमी. व्यासाचे रंगीत वलय पडते. एर्न्स्ट आबे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शकासाठी फ्ल्युओराइट या खनिजाचा उपयोग करून हा दोष घालविला. छायाचित्रण भिंगासाठी लागणारे मोठे व निर्दोष स्फटिक कृत्रिम रीतीने तयार होऊ लागल्यावर १९६९ मध्ये कॅननने ३०० मिमी.चे फ्ल्युओराइट भिंग बाजारात आणले. त्यानंतर अत्यल्प अपस्करणाच्या काचाही प्रचारात आल्या. आजची उत्तम लांब भिंगे पूर्ण उघड्या द्वारकावरही मध्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळजवळ सारखी तीक्ष्ण असतात. विशालकोनी भिंगांबाबत असे क्वचितच म्हणता येते.

असे असूनही लांब भिंगाने काढलेली चित्रे अधिक प्रमाणात अस्पष्ट येतात, आणि दोष बहुधा भिंगावर ढकलला जातो. हातातील कॅमेरा एक कला (अंशाचा साठावा भाग) इतका वळला, तर २८ मिमी. भिंगाची प्रतिमा फक्त ०·००८ मिमी. सरकते, तर २०० मिमी.ची ०·०५८ मिमी. फिल्मवर सु. ०·०३ मिमी.पर्यंतची अस्पष्टता खपवून घेतात, त्यामुळे पहिले चित्र वाचते व दुसरे बिघडते. उद्‌भासनकाल केंद्रांतराच्या मिमी.मधील आकड्याच्या व्यस्ताइतक्या सेकंदांहून (२०० मिमी.साठी १/२०० सेकंदाहून) जास्त नसावा, हा छायाचित्रकारांचा जुना नियम यातूनच आला. मात्र विशालकोनी चित्रातील तोच भाग सातपट विवर्धित केला, तर हालचालीची अस्पष्टताही तितकीच वाढते. लघुकेंद्री भिंग हालचाल टाळत नाही, ते ती लहान करून दाखविते. १९९५ पासून अदलाबदल करता येणाऱ्या भिंगांतही प्रतिमास्थिरीकरणाची यंत्रणा मिळू लागली. तिने हाताचा कंप आवरतो. उडत्या पक्ष्याची गती आवरत नाही.

हवेपुढे तर कोणत्याच भिंगाचे चालत नाही. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या माळावरून दूरचा डोंगर लांब भिंगाने टिपल्यास त्याची कडा थरथरल्यासारखी येते, कारण असमान तापमानाच्या हवेच्या थरांतून जाताना किरणांचे प्रणमन (वक्रीभवन) क्षणोक्षणी बदलते. जमीन तापण्यापूर्वी, पहाटे घेतलेले चित्र त्याच भिंगाने कितीतरी स्वच्छ येते.

क्षेत्रगभीरतेबाबतही (वस्तूच्या पुढचा-मागचा किती भाग स्पष्ट दिसतो त्याबाबतही) गैरसमज आढळतो. एफ/८ वर २८ मिमी. भिंग १० मी.वर केंद्रित केले, तर सु. २·५ मी.पासून अनंतापर्यंत सर्व काही स्पष्ट दिसते, २०० मिमी. भिंगात तीच गभीरता जेमतेम १·२ मी. असते. परंतु वस्तू तेवढीच मोठी यावी म्हणून २८ मिमी. भिंग १·४ मी.वर आणले, तर त्याचीही गभीरता सु. १·५ मी.च भरते. विशालकोनी भिंगाची ख्यातनाम गभीरता बव्हंशी वस्तू लहान दिसण्यातून आलेली असते.

तीक्ष्णता मोजण्यासाठी पूर्वी बारीक समांतर रेषांचे तक्ते वापरून दर मिमी.मध्ये किती रेषा वेगळ्या दिसतात ते पाहात. या आकड्यावरून फसगत होते. अतिसूक्ष्म रेषा फिकट करड्या दाखविणाऱ्या भिंगापेक्षा थोड्या जाड रेषा ठळक काळ्या-पांढऱ्या दाखविणाऱ्या भिंगाचे चित्र डोळ्यांना अधिक तीक्ष्ण वाटते. द्यूफ्यू यांनी प्रकाशकीत फूर्ये विश्लेषणाचा उपयोग केला (१९४६) व शेड यांनी ते विचार दूरचित्रवाणीच्या तंत्रात आणले. त्यानंतर दर मिमी.स ठराविक (सामान्यतः १० व ३०) रेषाजोड्यांतील छायाभेद मध्यापासून कोपऱ्यापर्यंत किती टिकतो, याचे आलेख काढण्याची पद्धत रूढ झाली. त्रिज्येच्या दिशेच्या व तिला लंब असलेल्या रेषांचे वक्र एकमेकांपासून दूर गेलेले दिसले, तर ती बहुधा अबिंदुकतेची खूण असते.

घरी तुलना करणाऱ्याने कॅमेरा तिवईवर ठेवावा आणि द्वारक एफ/५·६ किंवा एफ/८ ठेवून दोन्ही भिंगे तपासावीत. प्रत्येक वेळी केंद्रीकरण नव्याने करून तीन-चार चित्रे घ्यावीत, कारण पुष्कळदा भिंगापेक्षा केंद्रीकरणाची चूकच मोजली जाते. भिंतीवर चिकटविलेले वर्तमानपत्र जवळून टिपून विशालकोनी भिंगाला नापास करणे अन्यायाचे आहे, कारण प्रतिमाक्षेत्र वक्र असल्यास सपाट कागद त्या भिंगाला सर्वांत जड जातो. अशा भिंगाची परीक्षा दूरच्या इमारतींच्या रांगेवर घ्यावी व चारही कोपरे वेगवेगळे पाहावेत. एकच कोपरा खराब निघाला, तर दोष रचनेचा नसून जुळणीचा असतो. एखादे भिंगक तिरके बसलेले असते व ते दुरुस्त होऊ शकते.