मूर्तीसमोरचा माणूस

ऑग्यूस्त नेय्ट, वय 22, बेल्जियमच्या सैन्यातला जवान. ब्रुसेल्समध्ये त्याला समोर उभं करून शिल्पकार रोदँने ‘द एज ऑफ ब्रॉन्झ’ ही मूर्ती घडवली. काम जवळजवळ 18 महिने चाललं. 1877 मध्ये मूर्ती लोकांपुढे आली, तेव्हा टीकाकार म्हणाले, ही घडवलेली नाहीच, जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढलाय. मग रोदँने नेय्टला पुन्हा त्याच पवित्र्यात उभं केलं आणि गाउदेंझियो मार्कोनीकडून त्याचे फोटो काढून घेतले, पुरावा म्हणून. तरी आळ पुसायला 1880 उजाडलं.

मार्कोनीचा धंदाच हा. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना तो नग्नाकृतींचे फोटो पुरवी. समोर माणूस बसवण्यापेक्षा ते स्वस्त पडत. त्याआधी 1854 मध्ये चित्रकार देलाक्र्वानेही मॉडेलचे फोटो काढवून त्यांवरून रेखाटनं केली होती. चित्रकारांची नावं राहिली. फोटोतली बहुतेक माणसं बिननावाचीच गेली, आणि मला ते खुपतं.

तेव्हाच्या पद्धतीत उभं राहणं म्हणजे काय, ते पाहायला मी आजही ओल्या काचेवर फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत गेले. काचेवर कलोडियन नावाचं द्रावण ओततात, चांदीच्या द्रावणात बुडवतात आणि ती वाळायच्या आत फोटो घेऊन धुतात. ईथरचा गोडसर वास घशात बसतो, घरी गेल्यावरही जात नाही.

मॉडेल होता कला महाविद्यालयात पोझ देणारा एक तरुण. डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू. “8 सेकंद,” फोटोग्राफर म्हणाले. 8 सेकंद म्हणजे काही नाही, असं वाटतं. पण पाचव्या सेकंदाला त्याच्या पोटरीतली शीर थरथरताना मला दिसली. वर्गात तो तास तास उभा राहतो, त्यापेक्षा हे 8 सेकंद जड, असं त्यानेच सांगितलं. “वर्गात हललं तर पोरं सावरून घेतात, ताई. काच नाही घेत.”

मी त्याला नेय्टबद्दल सांगितलं. “18 महिने?” तो म्हणाला. थोड्या वेळाने चहा पिताना पुन्हा: “18 महिने!” रोदँचं नाव त्याला माहीत होतं, नेय्टचं नव्हतं.

काच धुऊन आली. आम्ही चेहरा बघत होतो. तो वाकून पाय बघत होता.

“टाच हलली,” तो म्हणाला. “दुसरी काच करा, मी उभा राहतो.”